दोन बोटांची मदत

मेट्रनबाईंना मार्क द्यायची पाळी आपल्यावर येईल, असं घाईबाईला स्वप्नातही वाटलं नव्हतं. घाईबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. तीस वर्षांपूर्वी ती शिकाऊ नर्स होती, आणि म्हाताऱ्यांनी शर्टाच्या बटणाला हात घालायच्या आत स्वतःच लावून मोकळी व्हायची. म्हणून मेट्रनबाईंनी ठेवलेलं नाव. आता ती पन्नाशीची, या शुश्रूषागृहाची मुख्य सिस्टर, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच.

काय दिवस होते ते! मार्कांचे तक्ते मेट्रनबाई स्वतः पट्टीनं आखायच्या, निळ्या शाईत. वॉर्डात शिरल्या की सगळ्या पोरी चिडीचूप. "हात मागे! तुम्हाला कीव येते आणि पाय त्यांचे लुळे पडतात," हे रोजचं पालुपद. घाईबाईला तेव्हा त्यांचा अस्सा राग यायचा! आता त्या रागाचा मागमूसही उरला नव्हता.

कारण मेट्रनबाई आता चार नंबरच्या खोलीत होत्या. खुब्याचं हाड मोडून आल्याला तीन महिने झाले होते. घरी धाकटी बहीण छोटी, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एकटीच. आज तक्ता भरायचा होता: दात घासणं, कपडे घालणं, खुर्चीतून उठणं, चालणं. सगळं आपलं आपण केलं तर सहा, कुणाचा हात लागला तर चार, सगळंच दुसऱ्यानं केलं तर एक. उठण्यात सहा पडले तरच घरी पाठवणार, नाहीतर मुक्काम इथेच.

दातांना सहा पडले. ब्लाउजच्या हुकांना अकरा मिनिटं लागली. घाईबाई छताकडे बघत दात-ओठ खात उभी राहिली, पण तिथेही सहा. मग खुर्ची. पहिल्यांदा मेट्रनबाई अर्ध्यावरून धपकन खाली बसल्या. दुसऱ्यांदा मात्र उठल्या, चांगल्या ताठ!

"जमलं की हो बाई!" घाईबाईनं लगेच सहा लिहिले.

"दाखव तो कागद."

"पेशंटला दाखवत नाहीत."

"मला शिकवतेस? आण इकडे." मेट्रनबाईंनी चष्मा नाकावर चढवला. "हे सहा कुणाचे?"

"तुमचेच."

"आणि माझ्या कोपराखाली दोन बोटं होती ती कुणाची?"

घाईबाईनं आपल्या हाताकडे पाहिलं. देवाशपथ, तिला पत्ताच नव्हता. हात आपोआप गेला होता.

"दोन बोटांनी काय होतंय? जाऊ द्या ना. घरी जा बाई, तुम्हाला किती ओढ लागलीय ते मला दिसत नाही का?"

"घरी ही दोन बोटं कोण देणार? छोटी धावत येईल. मग दोघी जमिनीवर. तिचंही हाड मोडायचंय का मला?"

"मग पुन्हा उठा. या वेळी मी लांब उभी राहते." ती खरंच दारापर्यंत मागे सरकली.

मेट्रनबाई पुन्हा बसल्या आणि उठायला गेल्या. नाही जमलं. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा खुर्चीचे हात थरथरले, कपाळावर घाम आला, आणि त्या स्वतःच म्हणाल्या, "पुरे."

घाईबाईच्या डोळ्यांना धार लागली होती. तिनं सहावर रेघ मारली, शेजारी चार लिहिले आणि खाली सही केली. मेट्रनबाईंनी सही नीट वाचून पाहिली, मग फोन मागितला.

"छोटे, मी बोलतेय. माझा पलंग काढून टाक गं. त्याला वळसा घालताना रोज ठेचकाळतेस ना? आता सरळ जाता येईल." छोटीनं पलीकडून काहीतरी विचारलं. "नाही, या महिन्यात नाही. पुढच्याही नाही. वेडे, रडतेस काय? शेजारच्या कुणाला तरी बोलाव, एकटीनं उचलू नकोस."