पंधरा आसनं

शेवटचं ताडपत्र कापडात बांधून नरहरय्याने खिडकीशी उभ्या असलेल्या थोरल्या भावाकडे पाहिलं. "पंधराच निघाली, अण्णा."

"नीट बघितलंस?"

"तीन महिने तेच करतोय. पंधरा. त्यातली अकरा तर नुसती बसायची. उभ्याने करायचं एकही नाही."

राजवाड्याच्या योगशाळेत रंगप्पा अठ्ठावीस वर्षं बासष्ट आसनं शिकवत आला होता. सगळी ऋषींनी घालून दिलेली, असं प्रत्येक नव्या शिष्याला सांगत आला होता. आता संस्थान विलीन झालं होतं. मद्रासहून आलेल्या अधिकाऱ्याचं म्हणणं साधं होतं: विद्या प्राचीन असेल तर शाळा ठेवू; नुसता व्यायाम असेल तर हायस्कुलात ड्रिल मास्तर आहेच. राजवाड्याच्या ग्रंथालयाने तसा दाखला द्यावा. आणि ग्रंथालयात जुनी ताडपत्रं वाचून उतरवून काढणारा माणूस एकच होता, नरहरय्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने दाखला लिहिला: बासष्टच्या बासष्ट आसनं प्राचीन ग्रंथांत आढळतात. आयुष्यात त्याने एक अक्षर इकडचं तिकडे केलं नव्हतं. जुन्या लेखनिकाची चूकसुद्धा तो तशीच ठेवी, फक्त समासात खूण करी. तरी त्याने सही केली. शाई वाळल्यावर कागद घेऊन तो योगशाळेत गेला.

रंगप्पाने भिंतीला टेकून कागद सावकाश वाचला.

"खिडकीचं आसनसुद्धा ग्रंथात आहे म्हणतोस?"

"सगळीच लिहिलीत."

"धाकट्या राजकन्येचा कणा वाकडा होता. जेवायला बसली की पोर एका अंगावर कलायची. वैद्य थकले. मी त्या खिडकीच्या गजांना दोर बांधला आणि चार महिने एकेक बोट सरकवत ते आसन बसवलं." त्याने कागदाची घडी घातली. "बाकीची कुठली कुठली आहेत. काही तालमीतली. काही पहारेकऱ्यांना कवायत शिकवणाऱ्या गोऱ्या सार्जंटची. पण हे मी केलं, नरहरी. ते पोथीला देऊ नकोस."

"मग आजवर ऋषींचं नाव का घेत होतास?"

"रंगप्पा सांगतो म्हणून कोण वाकलं असतं?"

शाळा जाईल, असं नरहरय्याने परोपरीने सांगून पाहिलं. रंगप्पाने नकारार्थी मान हलवली आणि घडी त्याच्या हातात परत दिली.

नवा दाखला खरा होता. पंधरा आसनं ग्रंथांतली. उरलेली याच गावात, रंगप्पा यांनी जमवलेली व रचलेली. उत्तर तीन ओळींचं आलं. महिन्याभरात योगशाळेत धान्य खात्याची ज्वारीची पोती रचली गेली.

रंगप्पा सवयीने पहाटे उठे, आंघोळ करून लंगोट कसे आणि ओट्यावर बसून राही. बायको गौरम्मा कॉफी आणून ठेवी, ती निवून जाई. एकदा नरहरय्या घरी आला तेव्हा तिने त्याला चुलीपाशी बोलावून घेतलं. "ते वाकतसुद्धा नाहीत हो आता. परवा हातातनं वाटी पडली, तर मला हाक मारली." तिच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं. पण तो दाखला आपल्याच हातचा होता, हे नरहरय्याला तिच्यासमोर उभं राहवेना इतकं बोचलं.

पुढच्या सोमवारी सकाळी तो ग्रंथालयात जायच्या आधी भावाकडे आला. लहानपणापासून त्याला दमा. योगशाळेच्या सतरंजीवर तो कधी पाय ठेवायला गेला नव्हता. त्याने सदरा काढून खुंटीला अडकवला.

"पाठ धरलीय, अण्णा. ताडपत्रांवर ओणवं बसून बसून. काही दाखवतोस का?"

नव्या शिष्याला विचारायचा तसं रंगप्पाने विचारलं, "वय काय तुझं?"

"एकोणपन्नास."

"उशीर केलास."

तरी तो उठला. मागे येऊन त्याने तळवा भावाच्या दोन खांद्यांच्या मधोमध ठेवला. एकेक मणका चाचपत तो खाली आला.

"इथं?"

"थोडं खाली."

तळवा सरकला आणि थांबला. "श्वास सोड," रंगप्पा म्हणाला.

नरहरय्याने श्वास सोडला, आणि पुढे काय करायचं ते ऐकायला तसाच उभा राहिला.