बाजूची जागा

नत्थुजींनी टेपचं टोक पंजाबरावांच्या कबरीला लावलं आणि दुसरं टोक धरून ते शेजारच्या मोकळ्या जागेवर चालत गेले. पंजाबरावांची बायको मैनाबाई त्याच कबरीवर बसून गवत उपटत होती. तिला विचारणं नाही, सांगणं नाही. सरळ मापच.

"काय मोजून राहिले, नत्थुजी?"

नत्थुजी चर्चच्या मंडळीचे पंच. त्यांनी उत्तर द्यायचं काम मागून येणाऱ्या पास्टर नितेशवर सोपवलं.

"मावशी, ज्योत्स्नाबाईंचा स्वप्निल काल गेला. दर्यापूर रोडवर ट्रकनं उडवलं. कबरस्तानात आता ही एकच जागा उरली आहे."

मैनाबाईच्या हातातलं गवत हातातच राहिलं. एकोणीस वर्षांचं पोरगं. पण जागा?

"ही माही हाय. बुढा गेला तवा तुमी सगळ्यायनं कबूल केलं."

"तुमच्यासाठी पंजाबरावजींचीच कबर उघडू," नत्थुजी म्हणाले. "पण बारा वर्षं व्हा लागते. नियम हाय."

"त्याले दोनच झाले. अन् मी अठ्ठ्याहत्तरची. आधी गेली त?"

"अकोल्याले न्या लागन."

"जित्तेपनी बुढ्याले सोडून कुठं राह्यली नाही. अन् मेल्यावर अकोल्याले राहू?"

पास्टरांनी आवाज मऊ केला. "मावशी, आपली इच्छा सोडून देवाच्या इच्छेला शरण जावं लागतं."

मंडळीत ही रीत जुनीच. ज्याला जे हवं ते त्यानं देवाच्या नावावर मागायचं. कुणाच्या पोरीची सोयरीक मोडायची, देवाची इच्छा. कुणाला पंचांतून काढायचं, तीही देवाचीच. देव काही खुलासा करायला येत नाही.

"त्याची इच्छा माह्याच दारी काहून येते, पास्टरसाहेब? तुमच्या बंगल्याचं आंगन लय मोठं हाय."



दोन वर्षं मैनाबाईनं दुसरं काही मागितलंच नव्हतं. रोजच्या प्रार्थनेत एकच : बापा, मले ने. त्याच्या बाजूला निजव. एवढी एक इच्छा, तीही मरणाची, आणि त्यावरही यांचा टेप.

फाटकाशी ज्योत्स्ना उभी होती. पायांत चपला नव्हत्या. ती आत आली, मैनाबाईसमोर खाली बसली.

"मी मागून नाही राहिली, मावशी. यायले म्या नाही पाठोलं. आमी नेतो त्याले अकोल्याले."

"दर रविवारी येशीन तिथं?"

ज्योत्स्ना माती उगाच सारखी करत राहिली.

मैनाबाईनं मोकळ्या जागेकडे पाहिलं. मग पदराला हात पुसले.

"खोदा, नत्थुजी. पन देवानं देली म्हनसान त याद राखा. मैनीनं देली म्हना."

दुपारी दफन झालं. पेटी खाली गेल्यावर पास्टरांची जीभ सवयीनं घसरली : "प्रभूनंच या लेकरासाठी ही जागा राखून ठेवली होती."

"प्रभूनं नाही," मैनाबाई म्हणाली. "म्या."

आवाज चढवला नव्हता, तरी शेवटच्या माणसापर्यंत गेला. पास्टर अडखळले आणि घाईनं प्रभूची प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी सूर धरला. 'तुझी इच्छा पूर्ण होवो' आलं तेव्हा मैनाबाईचे ओठ मिटलेले होते. पुढे रोजची भाकर तिनं मागितली, क्षमाही मागितली. तेवढी ओळ गाळली.

लोक पांगले. ज्योत्स्नाला टेकायला दुसरं काही नव्हतं. ती पंजाबरावांच्या कबरीला टेकून बसली होती. मैनाबाईनं तिला उठवलं नाही. नत्थुजींचा हात धरून ती फाटकापर्यंत आली. पाय सुजले होते, दर पावलाला दम लागत होता.

"ऑटोत बसा, मावशी. घरी सोडून देतो."

मैनाबाई बसली. श्वास जागेवर येईपर्यंत थांबली.

"घरी नंतर," ती म्हणाली. "अजून दहा वर्षं काढा लागते. दवाखाना उघडा असन का आता?"