डोळे निळे असताना

मार्च महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, नेदरलंड्सच्या फ्रिसलंड प्रांतातील ग्राउ या गावी, कालव्याकाठच्या शेवटून दुसऱ्या घरात विबे टर्प्स्ट्रा याने गोठवलेला एक पांढरा उंदीर कोमट पाण्याच्या पेल्यात सोडला. तसे करू नये, हे त्याला ठाऊक होते. काचेच्या पेटीच्या झाकणावर त्याच्या मुलीने, यिल्डूने, ठसठशीत अक्षरांत लिहून ठेवले होते : ‘डोळे निळे झाले की खायला देऊ नका. हात लावू नका. थांबा.’

पेटीतल्या सापाचे डोळे निळे होते. त्यांच्यावर पातळ ताकासारखा पडदा चढला होता आणि एरवी काकवीसारखी चकाकणारी कातडी राख फासल्यासारखी दिसत होती. साप बिनविषारी, धामणीच्या कुळातला, नाव स्ट्रोप. कात टाकण्यापूर्वी त्याला धड दिसत नाही आणि अन्नावरची वासना उडते, हे यिल्डूने बोटीवर जाण्यापूर्वी दोनदा समजावले होते. विबेने दोन्ही वेळा मान डोलावली होती. परंतु मान डोलावणे निराळे आणि अठरा दिवस न जेवलेल्या जिवाकडे रोज सकाळी पाहणे निराळे.

शिवाय थांबणे हा विबेचा गुण नव्हता. एकतीस वर्षे तो गावच्या उचलत्या पुलाचा राखणदार होता. नावा थांबल्या, मोटारी थांबल्या, एकदा तर नवरानवरीची गाडीही थांबली. विबे मात्र कोणासाठी थांबला नाही. निवृत्त होऊन दोन वर्षे झाली, तरी हात रिकामे राहिले की त्याला आपले काहीतरी चुकते आहे असेच वाटे.

त्यात आदल्या दिवशी शेजारच्या बाउक्येने कुंपणावरून त्याला सापाबद्दल हटकले होते.

“जेवला का रे तुझा जावई?”

“नाही.”

“अजून नाही? अरे, माझा नवरा रुसला तरी तिसऱ्या दिवशी वाटाण्याच्या सुपाच्या वासानं खाली यायचा.”

“त्याला नकोय.”

“नको म्हणणाऱ्यालाच वाढावं लागतं. पोर आली आणि हातात वाळलेली दोरी दिलीस, तर काय सांगशील तिला? हाही आपणहून उडून गेला?”

विबे घरात निघून गेला होता. यिल्डू अकरा वर्षांची असताना तिने करड्या मानेचा, पंखाने अधू असा एक कावळा पाळला होता. त्याच्या कलकलाटाला विटून विबेने एका सकाळी, ती शाळेत असताना, खिडकी उघडून त्याला बाहेर हुसकले आणि संध्याकाळी सांगितले की तो आपणहून उडून गेला. ते खोटे होते, हे बाउक्येनेच पुढे तिच्या कानावर घातले. यिल्डूने त्यावर कधी वाद घातला नाही. तिने एवढेच केले, की त्यानंतर वडिलांना काही विचारणे सोडले. आणि आता, एकोणीस वर्षांनी, सहा आठवड्यांसाठी नॉर्वेच्या समुद्रावर जाताना तिने हा साप त्याच्या हाती दिला होता.

उंदीर मऊ झाला. विबेने तो पुसून चिमट्यात धरला आणि अर्धा तास सापापुढे नाचवला. साप दोनदा फिसकारला, एकदा आंधळेपणाने पाण्याच्या भांड्यावर तोंड आपटून मागे सरला. शेवटी विबेने उंदीर आतच ठेवून दिला. संध्याकाळी पाहतो तो उंदीर नाहीसा झालेला!

“जेवला,” त्याने शुक्रवारी कुंपणापलीकडे जाहीर केले. “मी म्हटलं नव्हतं?”

“तू म्हटलंस? मी म्हटलं होतं!”

मात्र स्वस्थता आली नाही. उंदीर खरोखर पोटात गेला की कुठे कोपऱ्यात पडून आहे, या शंकेने त्याने सापाला उचलून पोटाचा फुगवटा बोटांनी चाचपला. शनिवारी पुन्हा चाचपला. रविवारी सकाळी खोलीत असा कुजका दर्प भरला होता, की त्याने दिवा लावण्याआधी खिडकी उघडली. भुशावर अर्धवट पचलेला, ओला गोळा पडला होता आणि साप पेटीच्या पार दुसऱ्या टोकाला अंग आक्रसून बसला होता.

विबेने तो गोळा कागदात गुंडाळून बागेत खोल पुरला. बाउक्येच्या खिडकीचा पडदा ओढलेला आहे ना, हे त्याने आधी पाहिले.

पुढचे चार दिवस त्याने पेटीला हात लावला नाही. तो खुर्चीत बसे, उठे, अंगणात फेरी मारून पुन्हा बसे. सापाचे डोळे निवळले आणि गुरुवारी त्याने कात टाकली. शेपटीच्या टोकापर्यंत अखंड, कुठे फाटलेली नाही.

त्यानंतरच्या रविवारी बोट वाटेतल्या एका बंदराला लागली आणि यिल्डूचा फोन आला.

“कसा आहे?”

“कात टाकली. अख्खी. डोळ्यांवरचे पापुद्रेसुद्धा निघाले.”

“खरंच? ठेवलीय ना?”

“वर्तमानपत्रात गुंडाळून.”

“मग झालं तर! माझा इकडे जीव टांगणीला लागला होता. माझी मैत्रीण फेम्के म्हणत होती, तुझ्या बाबांना झेपत नसेल तर मी ग्रोनिंगनहून येऊन घेऊन जाते. आता सांगते तिला, काही गरज नाही म्हणून.”

विबे मेजावरचा पावाचा कण नखाने खरवडत राहिला. कण निघाला, तरी नख थांबले नाही.

“यिल्डू, मी त्याला उंदीर दिला होता.”

“कधी?”

“डोळे निळे असताना.”

पलीकडे बोटीची साखळी खडखडली.

“खाल्ला?”

“खाल्ला. मग मी त्याला उचलला. दोनदा. तिसऱ्या दिवशी ओकला.”

“केवढा होता उंदीर?”

“मोठा.”

“अहो बाबा!”

“तू लिहिलेलं वाचलं होतं मी. वाचूनच दिला.”



“मी तर काही विचारलंही नव्हतं,” ती म्हणाली.

“नाही.”

“बाउक्येकाकूंनी पाहिलं असेल. त्या सांगतील म्हणून—”

“तिला ओकल्याचं ठाऊक नाही. कुणालाच नाही.” विबेने फोन दुसऱ्या कानाला लावला. “फेम्केला पाठव. येऊन घेऊन जाऊ दे.”

पलीकडे कोणीतरी तिला हाक मारली. ‘आले, आले,’ असे तिने त्या माणसाला सांगितल्याचे ऐकू आले. पण फोन ठेवला गेला नाही. मग ती औषधाचे प्रमाण सांगावे तशा आवाजात म्हणाली,

“अजून आठवडाभर त्याला काही नको. मग सगळ्यांत लहान उंदीर. तो तुम्हीच द्यायचा.”