दिग्गाफुशीचा चाळिसावा

दिग्गाफुशी बेटाचे प्रमुख, खतीब कुडा ताकुरू, यांनी पत्र्याच्या पेटीतले कपडे बाहेर फेकले, तळाचं किंतान उचललं आणि त्याखालचा कागद काढून लुंगीच्या कनवटीला खोचला. लगेच तो पुन्हा बाहेर काढला. घामानं शाई पसरली असती तर सगळंच बोंबललं असतं.

अंगणात त्यांची बायको सान्फा काथ्या वळत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"तीन वर्षांनी सुचलं का?" ती म्हणाली. "मी तेव्हाच म्हटलं होतं, ज्याचं आहे त्याला देऊन टाका."

"तेव्हा दिलं असतं तर कागद घेऊन आलेल्या त्याच धोणीत बसून तो बेट सोडून गेला असता."

"मग जाऊ द्यायचं."

"आणि शुक्रवारची नमाज? एकोणचाळिसांत होते का ती?"

"मला काय विचारता? मी कुठे मोजणीत आहे?" सान्फानं दोरीला असा पीळ दिला की ती करकरली.

नियम काही नवा नव्हता. ज्या बेटावर शुक्रवारच्या नमाजाला चाळीस जाणते पुरुष उभे राहतील, ते गाव. एक जरी कमी पडला, तरी ते नुसतं माडांचं रान. मग सरकार धोण्या पाठवतं, माणसं उचलून मोठ्या बेटावर नेऊन सोडतं आणि नकाशातल्या ठिपक्याजवळचं नाव खोडून टाकतं. दिग्गाफुशीचे पूर्वज स्वतः असेच कुठल्याशा बेटावरून इथे आणून टाकलेले. त्या बेटाचं नाव आता कुणालाच सांगता येत नव्हतं. शंभर वर्षांत पार विसरून गेले मेले! कुडा ताकुरूंना झोपेतून दचकून उठवणारी गोष्ट हीच होती.

मशिदीच्या दारात दोन करवंट्या असत. एकीत चाळीस कवड्या. माणूस आत शिरला की बांग देणारा मुदिम बुराकी एक कवडी उचलून दुसऱ्या करवंटीत टाकी. पहिली रिकामी झाली की खुतबा, नमाजाआधीचं प्रवचन, सुरू. एके काळी कवड्या संपल्यावरही माणसं येत राहायची आणि बुराकी हसून म्हणायचा, "हे सगळे फुकटचे!" मग एक धोणी खडकावर फुटली, तिच्यात चौघे गेले. काही पोरं जहाजावरच्या नोकरीसाठी मालेला गेली ती तिकडचीच झाली. तीन वर्षांपूर्वी आकडा नेमका चाळिसावर आला, आणि त्यातला चाळिसावा होता इलियास, हद्दपार करून पाठवलेला कैदी. त्याला मोजावं की नाही यावर पूर्वी तावातावानं भांडणारे लोक तेव्हापासून मूग गिळून बसले होते.

त्याच महिन्यात इलियासच्या माफीचा कागद आला. ईदच्या निमित्तानं शिक्षा रद्द, वाटेल तिथे जायला मोकळा. कुडा ताकुरूंनी तो एकदा वाचला आणि पेटीत टाकला.

आणि काल बोडुगला बेटावरून निरोप आला होता. शुक्रवारी मालेहून साहेब येतोय, स्वतः माणसं मोजणार. हद्दपार कैदी मोजणीत धरणार नाही.

इलियास किनाऱ्यावर धोणीच्या फटींत काथ्या ठोकत होता. बारा वर्षांत बेटावरची अशी एक धोणी नव्हती जिला त्याचा हात लागला नव्हता, आणि असं एक घर नव्हतं ज्यानं त्याला मुलगी दिली असती. मालेला त्यानं मालकाच्या मुलाला वाचवायला काझीसमोर खोटी साक्ष दिली होती. इथे उतरल्या दिवशी खुद्द कुडा ताकुरूंनी त्याला मशिदीच्या पायरीवर उभं केलं, कुराणावर हात ठेवायला लावला आणि अख्ख्या गावासमोर वदवून घेतलं, की या मातीवर पुन्हा खोटं बोलणार नाही. तेव्हापासून बेटावरच्या आया मुलांना दटावायच्या, "खरं सांग, नाहीतर इलियास होशील!"

कुडा ताकुरूंनी कागद पुढे केला. इलियासनं हात लुंगीला पुसले, कागद घेतला आणि उन्हाकडे पाठ करून वाचला. मग पुन्हा वाचला. त्याचं बोट तारखेवर थांबलं.

"मालेला आई गेली ती याच्या पुढच्या वर्षी," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे तेव्हा हा कागद तुमच्याकडे होता."

"पेटीत होता."

"तुम्ही इथेच बसला होतात माझ्याजवळ. संध्याकाळपर्यंत. शहाळं फोडून दिलंत. म्हणालात, इलियास, नशिबापुढे कुणाचं चालत नाही."

कुडा ताकुरूंना वाटलं होतं हा ओरडेल, हातातला दांडका उगारेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"मी कुठल्या तोंडानं बोलू?" ते म्हणाले. "पण उद्या साहेब मोजणार आहे. तू सुटलेला असशील तर तू या गावचा, आणि चाळीस भरतात. तो तारीख बघून विचारेल. कागद मी दाबला हे कळलं तर मीच मोजणीतून जातो. तू एवढंच म्हण, की कागद तीन वर्षांपूर्वीच मिळाला, आणि तू आपल्या मर्जीनं इथे राहिलास. एवढं एकच वाक्य. मग हवं तर माझ्या तोंडावर थुंक."

इलियासनं कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

"उद्या नमाजाला येईन," तो म्हणाला आणि पुन्हा काथ्या ठोकायला बसला.

शुक्रवारी लाँच लवकर आली. साहेब तरुण होता, बोटीनं त्याला फार त्रास दिलेला दिसत होता. सान्फानं पुढे केलेली मासळीची वाटी आणि रोटी त्यानं हातानंच बाजूला सारली, नुसतं शहाळं घेतलं. मशिदीच्या दारात वही उघडून तो बुराकीच्या शेजारी बसला. बुराकीनं अभिमानानं करवंट्या दाखवल्या.

"फार जुनी पद्धत आहे, साहेब. यात चूक होणं शक्यच नाही."

"बरं, टाका कवड्या," साहेब म्हणाला. "मी वहीत लिहितो."

माणसं येऊ लागली. वातानं वाकलेले दोघे नातवांच्या खांद्यावर हात टाकून आले. ताप असलेला एक जण अंगावर गोधडी घेऊन आला. पलीकडे माडांखाली बायका उभ्या होत्या, काहीजणी उघडपणे बोटांवर मोजत होत्या. एकोणचाळीस झाले. पहिल्या करवंटीत एक कवडी उरली आणि बुराकीचा हात तिच्यावर तसाच थांबला.

इलियास आला तेव्हा त्याचे केस ओले होते. अंगावर धुतलेला पांढरा सदरा. तो नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेत जाऊन उभा राहिला. बुराकीनं कवडी टाकली. बाहेर कुणीतरी बाई मोठ्यानं हसली आणि दुसरीनं तिला गप्प केलं.

नमाज झाली. साहेब पायरीवर येऊन बसला. वहीत बोट फिरवता फिरवता म्हणाला, "हा इलियास इस्माईल. माझ्या यादीत हा कैदी आहे."

"सुटलाय, साहेब," कुडा ताकुरू म्हणाले. "कागद आहे त्याच्याकडे."

इलियासनं कागद दिला. साहेबानं तो वाचला, उलटून पाहिला.

"तीन वर्षं झाली की याला. तुझ्या हातात कधी पडला?"

सगळी माणसं पायरीभोवती गोळा झाली होती. इलियासनं पायाखाली पाहिलं. हीच ती पायरी. पोवळ्याचा दगड, मधोमध झिजलेला.

"काल," तो म्हणाला. "काल दुपारी."

मग बुराकी पुढे धावला.

"खोटं! खोटं बोलतोय, साहेब! जन्माचा खोटारडा आहे हा! म्हणून तर धाडलाय इथे. विचारा कुणालाही!"

"खोटारडा!" मागून आणखी दोघे ओरडले. "सूड घेतोय मेला! बारा वर्षं आमचं खाल्लं आणि आमच्याच मुळावर उठला!"

साहेबानं हात वर करून त्यांना गप्प केलं. "खोट्या साक्षीचाच गुन्हा दिसतोय खरा," तो वही बघत म्हणाला. मग कुडा ताकुरूंकडे वळला. "खतीब, तुम्ही सांगा. सरकारी कागद तुमच्या हातून जातात. हा म्हणतोय ते खरं की खोटं? तुम्ही म्हणाल ते मी लिहितो."

कुडा ताकुरूंनी वर पाहिलं. बुराकी मान हलवून खुणावत होता. एक शब्द पुरे होता. "खोटं" म्हणायचं, आणि दिग्गाफुशी जागच्या जागी राहणार होती. मशीद राहणार होती, तिच्यामागच्या थडग्यांवरची नावं वाचायला माणसं राहणार होती. इलियासचं काय बिघडलं असतं? त्याला तर सगळे खोटारडाच म्हणत होते.

इलियास त्यांच्याकडे बघत नव्हता. खिळा मारताना बघतो तसा तो पायरीच्या त्या झिजलेल्या जागेकडे बघत होता.

"खरं आहे," कुडा ताकुरू म्हणाले. "मी लपवला होता. पेटीत. बारा वर्षांत हा माणूस या बेटावर एकदाही खोटं बोललेला नाही, साहेब. हेही लिहा."

साहेबानं ते लिहिलं नाही. त्यानं वहीत एक ओळ खोडली.

"इलियास इस्माईल धरला," तो म्हणाला. "पण सरकारी कागद दाबणारा माणूस चौकशीवर जातो, खतीब. चौकशीवरचा माणूस मोजता येत नाही. तुमचे एकोणचाळीस होतात. धोण्या बहुतेक पुढच्या महिन्यात येतील." त्याला हे आवडत नव्हतं हे दिसत होतं, पण त्यानं लिहिलं. "तुम्ही सामान घ्या. मालेला चला. तिथून कुठे पाठवायचं ते काझी ठरवतील."

सामान कितीसं! एक चटई, दोन लुंग्या, रिहाकुरुची, आटवलेल्या माशाच्या रसाची, बरणी. सान्फानं सगळं गाठोड्यात बांधलं, आपला झगाही त्यातच कोंबला आणि लाँचकडे चालू लागली.

"तुम्हाला यायची सक्ती नाही," साहेब म्हणाला.

"मी इथे राहिले तर तुमचे चाळीस होतात का?" तिनं विचारलं. "मग माझ्या जाण्यानं कुणाचं काय अडतंय?" म्हणत ती अंगावरचा झगा वर खोचून पाण्यात उतरली.

गाव किनाऱ्यावर उभं होतं. कुणी खतीबांना निरोप दिला नाही, कुणी इलियासच्या जवळ उभं राहिलं नाही. साहेबानं लाँचमधून हाक मारली, "इलियास, तू मोकळा आहेस. जागा आहे. येतोस मालेला?"

"कुणाकडे जाऊ, साहेब?"

इलियास पाण्यात उतरला आणि गुडघाभर पाण्यातून लाँचच्या कडेपर्यंत आला. खतीबांच्या वहाणा किनाऱ्यावर राहिल्या होत्या, त्या त्याच्या हातात होत्या. त्यानं त्या झटकून कुडा ताकुरूंच्या हातात दिल्या.

"जिथे पाठवतील तिथे पहिल्या शुक्रवारी शेवटच्या रांगेत उभे राहा," तो हळू आवाजात म्हणाला. "कुणी या म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. पायरीवर उभं करतील, तेव्हा काय म्हणायचं ते तुम्हाला पाठ आहेच."

कुडा ताकुरूंनी वहाणा मांडीवर ठेवल्या. लाँच सुरू झाली. वळून बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण खाडीच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी मान वळवली. बुराकी पाण्याच्या कडेला उभा होता. त्याच्या एका हातात कवड्यांची करवंटी होती आणि दुसऱ्या हातात त्यातून काढलेली एक कवडी. ती कुठे ठेवावी हे त्याला समजत नव्हतं.