नवा प्रोसेसर, जुनी विंडोज

सोपाननं पुण्याहून पेंटियम थ्री प्रोसेसरचा कॉम्प्युटर आणला आणि त्याच आठवड्यात पेठ गावाजवळ त्याची मोटारसायकल ट्रकखाली गेली. दहावं, तेरावं उरकलं. मग एका सकाळी त्याच्या बायकोनं, पुष्पानं, वारूळवाडीतल्या त्याच्या व्हिडिओ स्टुडिओचं शटर वर केलं आणि ती त्याच्या खुर्चीत बसली. ती अजून रडली नव्हती. भेटायला येणाऱ्या बायका तिच्या तोंडाकडं बघत राहायच्या. रडायला हवं हे तिलाही कळत होतं, पण आतून काही यायचंच नाही.

राजुरीच्या साळुबाईंच्या मुलीचं लग्न सोपाननं शूट केलं होतं. एडिटिंग करून ठेवलं होतं, फक्त व्हीसीडी काढायची राहिली होती. त्याच्याशेजारी बसून पुष्पा एवढं शिकली होती. तिनं कॉम्प्युटरला व्हीसीडीची फाइल बनवायला लावली. काम किती झालं ते दाखवणारी पट्टी जरा पुढं सरकली आणि पडद्यावर इंग्रजी निरोपाचा चौकोन आला. प्रोग्रामनं इल्लीगल ऑपरेशन केलंय, तो बंद होईल.

"इल्लीगल म्हंजी?" धाकट्या दिरानं, गोरखनं विचारलं. "वहिनी, आपल्या हातनं काय चुकलं का?"

"काय न्हाई. बंद पडतंय."

तिनं परत लावलं. परत तेच. दिवसभर ती लावत राहिली. वैतागसुद्धा आला नाही.

दुसऱ्या दिवशी गोरख नारायणगावात कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या शीला मॅडमना घेऊन आला. त्यांनी मशीन बघितलं.

"प्रोसेसर नवा, आणि विंडोज पंच्याण्णवची?"

"जुन्या मशीनची हार्डडिस्कच ह्यात बसवलीय, मॅडम," गोरख म्हणाला.

"मग त्यामुळंच. ताई, ह्या प्रोसेसरला चित्र-आवाजासाठी खास सूचना दिल्यात. एका झटक्यात चार-चार आकडे उरकतो. त्यासाठी आत नवे कप्पे आहेत. विंडोज एक काम थांबवून दुसरं घेते, तेव्हा कप्प्यांतलं सगळं उचलून ठेवावं लागतं आणि नंतर जसंच्या तसं परत मांडावं लागतं. ह्या विंडोजला नवे कप्पे ठाऊकच नाहीत, म्हणून ती ते उघडतच नाही. तुमचा प्रोग्राम नुसता प्रोसेसर बघतो, विंडोजला विचारत नाही. मग बंद दारावर जाऊन आपटतो."

"मग काय करायचं?" पुष्पानं विचारलं.

"अठ्ठ्याण्णवची टाकू. तिला हे कप्पे कळतात. पण ही डिस्क गच्च भरलीय, पुसावी लागेल. लग्नाचं सगळं दुसऱ्या डिस्कवर आहे, त्याला धक्का नाही. हिच्यावरचं काही ठेवायचंय?"

"न्हाई. पुसा."

"वहिनी, थांबा!" गोरख पुढं आला. "माईक तपासताना दादानं भरलेलं हाय त्यात. त्याचा आवाज हाय."

शीला मॅडमनी शोधून ती फाइल लावली. "हॅलो, हॅलो. पुष्पे, येतोय का गं आवाज?"

गोरखनं भिंतीकडं तोंड फिरवलं. पुष्पा पडद्यावर खालीवर होणाऱ्या हिरव्या रेघा बघत होती.

"खरखर लई हाय," ती म्हणाली.

शीला मॅडमनी काही न विचारता ती फाइल सीडीवर उतरवली, गोरखच्या हातात दिली आणि डिस्क पुसायला घेतली.

दुपारपर्यंत नवी विंडोज बसली. पुष्पानं काम लावलं. पट्टी न अडखळता शेवटपर्यंत गेली. व्हीसीडी निघाली तेव्हा साळुबाई बाजार उरकून स्टुडिओत आल्याच होत्या. पुष्पानं त्यांना टीव्हीवर लावून दाखवली.

पाठवणीला नवरी रडत होती. मधेच तिनं कॅमेऱ्याकडं बघितलं आणि खुदकन हसली.

"बघ, हितंच!" साळुबाईंनी पुष्पाचा हात धरला. "पोर ऐकतच नव्हती माझी. तुझ्या मालकानं कॅमेऱ्यामागून काय तरी सांगितलं आन् हसली."

"काय म्हणले व्हते?"

"ते काय मला ऐकू आलं नाय बाई. बँड वाजत व्हता."

पुष्पानं तेवढा तुकडा मागं घेतला. बँड वाजत होता, नवरी हसली. तिनं परत मागं घेतला, उठून टीव्हीजवळ गेली आणि आवाज वाढवला.