पहिल्या सत्राचा विषय

मंजुषाचा नंबर लागला, हे जवळा बाजार गावाला भोंग्यानं सांगितलं. अप्पा कुणाच्या तरी बारशाचा मंडप लावून राहिले होते, हातात माइक होता, आणि पोरगी पुण्याच्या विद्यापीठात संगीत तंत्रज्ञानात एम.ए. करणार ही बातमी पोटात ठेवणं काही त्यांना जमलं नाही. हॅलो हॅलो करता करता सांगूनच टाकली. बारसं राहिलं बाजूला, बायका आधी मंजूलाच ओवाळायला निघाल्या.

अप्पा म्हणजे 'केतकी साउंड'चे किशनराव. लग्न असो, वरात असो, सप्ताह असो, आसपासच्या गावांत त्यांचेच स्पीकरचे बॉक्स. नाव मात्र धाकटीचं दिलेलं. यावरून मंजू कित्येक वर्षं फुगून बसायची आणि दहावीतली केतकी म्हणायची की घरात ज्याचा आवाज मोठा, त्याचंच नाव गाडीवर येणार. मंजू मात्र त्या बॉक्सांच्या सावलीतच वाढली. हिंगोलीला बी.एस्सी. करतानाही सुट्टीत येऊन भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग करायची, टाळ किती मागं ठेवायचे आणि पखवाज किती पुढं आणायचा याचा विचार करत जेवायची. अशा पोरीला दोन वर्षं फक्त आवाजाचाच अभ्यास करायला मिळणार होता. घरभर नुसती उड्या मारत होती ती.

आणि मग एके दुपारी तिच्या उड्या थांबल्या.

झालं असं की विद्यापीठानं प्रत्येकाला आपापला अभ्यासक्रम आखून आणायला सांगितलं होतं. कोणत्या सत्रात कोणता विषय घेणार आणि का, हे शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर मार्गदर्शक मॅडमना समजावून सांगायचं. मंजूनं बाजेवर कोरे कागद पसरले, रंगीत पेनं काढली. रेकॉर्डिंग, मिक्सिंग, ध्वनिशास्त्र, जुन्या ध्वनिफितींचं जतन. नावं लिहितानाच तिच्या तोंडाला पाणी सुटत होतं. मग यादीत 'सूक्ष्म श्रवण' नावाचा विषय आला. त्याच्या माहितीत लिहिलं होतं की पहिल्याच तासाला कानांची चाचणी होईल, आणि विद्यार्थ्यांनी आधी घरी करून बघावी. मोबाइलचे इअरफोन नकोत. शांत खोली आणि मोठा, चांगला स्पीकर घ्यावा. खर्जापासून वर वर चढत जाणारा एक स्वर त्यांनी सोबत पाठवला होता. तो कुठं ऐकू यायचा थांबतो, ते बघायचं. तरुण कानाला पंधरा हजार हर्ट्झपर्यंत सहज ऐकू येतं.

मोठ्या स्पीकरची या घरात काय कमी! मंजू गोदामात गेली, कनातींच्या थप्प्यांमागून एक बॉक्स ओढला, शटर खाली केलं आणि स्वर लावला. खालचा स्वर छातीत घुमला. मग चढू लागला. हजार, दोन हजार, तीन हजार. चार हजारांपाशी तो बारीक झाला आणि थोडं पुढं जाऊन नाहीसाच झाला. मोबाइलवरचा काटा मात्र वर चाललेला. सहा, आठ, दहा. गोदामात चिडीचूप.

तिनं पुन्हा लावला. कान जाळीला टेकवला. पुन्हा तसंच.

वरातीत बॉक्सांना खेटून नाचलेल्या सगळ्या संध्याकाळी तिच्या डोळ्यांपुढून सरकल्या. लहानपणी टेम्पोत बॉक्सांच्या मधल्या फटीत तिला झोप लागायची, आणि अप्पा ते कौतुकानं पाहुण्यांना सांगायचे.

त्या दिवसापासून ती सगळ्याला कान लावून राहू लागली. कुकरची शिट्टी ऐकू यायची. केतकीचे पैंजण ऐकू यायचे. पण त्यानं धीर येण्याऐवजी भीतीच वाढायची, कारण जे ऐकू येत नाही ते येत नाही, हे माणसाला कळणार तरी कसं? लोकांना पैंजण याहून जास्त वाजत असतील. कानाच्या डॉक्टरकडं जायचं तिनं दोनदा ठरवलं आणि दोनदा बसस्टँडवरून परत आली. डॉक्टर बोलले की ते खरं होणार होतं.

मग तिनं मॅडमना मेसेज करून विचारलं, सूक्ष्म श्रवण शेवटच्या सत्रात घेतलं तर चालेल का. उत्तर लगेच आलं. चालेल, पण तो विषय पार पडल्याशिवाय रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगला बसता येणार नाही.

म्हणजे सगळंच गेलं. मंजूनं रंगीत कागद फाडले आणि निळ्या पेनानं दुसरा अभ्यासक्रम आखला. ज्यात ज्यात कान लागतो ते सगळं बाहेर. आत उरलं ते प्रोग्रामिंग, आकडेमोड, ध्वनीचे कायदे, संगीताचा इतिहास. क्रेडिट बराबर भरत होते. एवढा कोरडा कागद तिनं आयुष्यात लिहिला नव्हता.

शुक्रवारी सकाळी केतकीनं तो उचलून वाचला.

"ताई, ह्यात गाणं कुठंय?"

मंजूनं कागद हिसकावून घेतला आणि हुंदका काही तिला आवरला नाही. मग सगळं सांगावं लागलं. केतकीनं ऐकून घेतलं, आणि तिच्या स्वभावाप्रमाणं लगेच म्हणाली की चल, माझे कान लावून बघू, म्हणजे तुझे किती गेलेत ते तरी कळेल. याला धीर देणं म्हणायचं का, कोण जाणे. पण मंजू उठली.

गोदामात केतकी बॉक्ससमोर मांडी घालून बसली. स्वर चढू लागला. चार हजारांच्या थोडं पुढं केतकीनं मान वर केली आणि विचारलं, थांबवलंस काहून?

मंजूनं थांबवलं नव्हतं.

आपल्या कानांचं जे व्हायचं ते झालं, पण हिचे पण? पंधरा वर्षांच्या पोरीचे? मंजूला आधी भीती वाटली, मग अप्पांचा असा राग आला की पुढचं दिसेना. लेकरांचे कान गमावून ह्या माणसानं बॉक्स वाजवले. केतकीचा चेहरा उतरला होता. ती स्वतःच्या कानाजवळ चुटक्या वाजवून बघत होती, आणि हसत नव्हती. केतकी हसत नाही म्हणजे काय, हे ह्या घरालाच माहीत.

तेवढ्यात आई आल्या चहाला बोलवायला. आईंचे कान म्हणजे गावात नावाजलेले. चुलीवर दूध वर येऊ लागलं की ते त्यांना अंगणातून ऐकू यायचं, आणि केतकी गादीखाली फोनवर कुजबुजली तरी स्वयंपाकघरातून नावानिशी हाक यायची. वरातीत तर त्या कधी गेल्याच नाहीत, डोकं उठतं म्हणून. मंजूनं त्यांना काही न सांगता उभं केलं आणि स्वर लावला. आई ऐकत राहिल्या, मग वैतागल्या. "हे काय? लावलं अन् लगेच बंद केलं. चहा गार होऊन राहिला तिकडं."

मंजू आईंकडं बघतच राहिली. एकीचे कान जातील. दोघींचे जातील. पण आईंचे?

तिनं पेचकस आणला आणि बॉक्सची जाळी उघडली. खाली मोठा स्पीकर, धुळीनं माखलेला पण धड. वर उंच आवाजाचा छोटा स्पीकर, ज्याला अप्पा ट्विटर म्हणायचे. त्याची वायर मधूनच कापलेली, टोकांना काळी टेप गुंडाळलेली. तिनं दुसरा बॉक्स उघडला. तीच गत. तिसरा उघडायची गरजच नव्हती. वरचा आवाज त्या बॉक्समधून बाहेर पडतच नव्हता. ज्या आवाजावर ती लहानाची मोठी झाली, तो जन्मापासून अर्धाच होता, आणि तिला वाटायचं आवाज असाच असतो.

अप्पांना बोलावलं तर त्यांना त्यात विशेष काहीच वाटलं नाही. "अगं, वरातीत जळत्यात ते. अन् सप्ताहातले म्हातारे म्हणतेत, किसन्या, तुझा बॉक्स चिरकून राहिला. लोकाला फक्त धम धम पायजे. आपल्याकडं समदेच कापतेत, मंजे." मग त्यांनी पोरींची तोंडं बघितली. मंजूनं सांगितलं तेव्हा ते मटकन सतरंजीच्या गुंडाळीवर बसले, आणि एवढे दिवस बोलली काहून न्हाईस, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिले. मग उठून त्यांनी स्वतः टेप सोडवली आणि वायर जोडली.

तुम्हाला वाटेल, मंजूची भीती पळाली. उलट आता तिला खरी धडकी भरली. बॉक्स खोटा होता म्हणजे तिचे कान खरे होते, असं थोडंच आहे? आता सबबच उरली नव्हती. तिचा हात मोबाइलवर जाईना. शेवटी केतकीनंच मोबाइल घेतला आणि पंच झाली. डोळे मिटायचे, ऐकू येतंय तोवर एक हात वर ठेवायचा. आई उभ्या राहिल्या. अप्पा म्हणाले, मी पण.

स्वर चढू लागला. मंजूनं डोळे इतके घट्ट मिटले की आत लाल दिसू लागलं. तीन हजार. चार हजार. आता जाईल, आता जाईल. गेला नाही. बारीक झाला, टोकदार झाला, गोदामाच्या पत्र्याखाली सुईसारखा फिरू लागला. असा आवाज ह्या बॉक्समधून तिनं कधी ऐकलाच नव्हता. काटा कुठं पोचला असेल ते तिला आता पाठ होतं. सहा. आठ. दहा. तरी तो होता. मंजूच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं आणि तिनं मनातल्या मनात पहिल्या सत्राच्या रकान्यात तो विषय लिहूनही टाकला.

तिनं डोळे उघडले. आईंचा हात वर होता, तोंड वाकडं झालेलं, दात आंबल्यासारखं. केतकीचा हात वर होता. अप्पांचा हात खाली होता. कधीचाच खाली असावा, कारण त्यांनी तो दुसऱ्या हातात नीट धरून ठेवला होता. डोळे मिटून, मान किंचित पुढं काढून ते शहाण्या मुलासारखे वाट बघत उभे होते.

"बंद केलंस व्हय गं, केते?" ते म्हणाले. "लाव की पुढचं."

केतकीचा अंगठा मोबाइलवर अडखळला. सुई पत्र्याखाली फिरतच होती.

"अप्पा," मंजू म्हणाली, "वाजून राहिलंय."

ते आधी हसले. मग त्यांनी डोळे उघडले, आणि वर धरलेले तीन हात एकेक करून बघितले.