दोनदा लागलेला निकाल

या, जरा पुढे सरकून बसा. गोष्ट हळू आवाजाची आहे, आणि मागे बसणाऱ्यांना नेमकं महत्त्वाचंच ऐकू येत नाही. एका न्यायाधीशांची सांगतो आणि एका शिंपीणबाईंची. दोघंही भली माणसं.

त्या शहरात न्यायाधीश तहहयात नेमायचे. एकदा माणूस खुर्चीत बसला की त्याला उठवायचा अधिकार फक्त देवाला. त्यात शहाणपण होतं. ज्याला कुणी काढू शकत नाही तो कुणाला भिणार नाही, आणि जो भिणार नाही तो न्याय देईल. हे साहेब तसेच निघाले. उमेदीत त्यांनी एका मंत्र्याच्या मेव्हण्याला तुरुंगात धाडलं. मंत्री चिडले, पुढच्या निवडणुकीत पडले, नंतर विसरलेही गेले. साहेब होते तिथेच होते.

शिंपीणबाईंचं दुकान जिन्याखाली. दोन शिलाई मशिनं, एक आरसा आणि गिऱ्हाईकाला बसायला एक स्टूल, तेही मशीन चालू नसेल तेव्हाच. घरमालकाला ती जागा हवी होती, म्हणून त्याने दावा लावला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, बाईंना नाव विचारलं, कुणाचे कपडे शिवता ते विचारलं आणि दावा फेटाळला. जागा बाईंची राहिली. बाईंनी दुकानाला नवा रंग लावला. फाईल बंद कपाटात गेली.

पुढच्या ऋतूत एका सकाळी साहेब कारकुनाला म्हणाले, "त्या जिन्याखालच्या दुकानाचं काय झालं? किती दिवस पडलंय ते. बोर्डावर लावा."

कारकून 'लावतो साहेब' म्हणाला. साहेबांचं चुकतं असं त्या इमारतीत आजवर कुणी म्हटलं नव्हतं, आणि सुरुवात आपल्यापासून व्हावी असं त्यालाही वाटलं नाही. कपाट उघडलं आणि दावा बोर्डावर लागला.

दोन्ही वकील हजर झाले. घरमालकाचे वकील वयाने थोर. हरलेला दावा पुन्हा लढायला मिळतोय म्हटल्यावर देवावरचा त्यांचा विश्वास वाढला. त्यांनी घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरू केलं.

"अहो, हे झालंय ना?" शिंपीणबाई आपल्या वकिलाच्या कानाशी कुजबुजल्या.

"झालंय, मावशी."

"मग सांगा ना त्यांना."

"कसं सांगू? मला अजून तीस वर्षं इथंच वकिली करायचीय. आणि ते इथंच असणार."

"तीस वर्षं?"

"त्यांच्या वडिलांनी शंभरी गाठली होती."

"आणि माझं दुकान?"

"मागच्या वेळी दिलं, आताही देतील. माणूस तोच आहे."

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. बाईंना नाव विचारलं. कुणाचे कपडे शिवता ते विचारलं. मग निकाल सांगितला: जागा घरमालकाची. महिन्याभरात रिकामी करावी.

बाईंचा वकील खाली मान घालून कागद आवरत राहिला. न्यायाधीशाला कुणाची भीती नको म्हणून एवढी व्यवस्था केली होती. भीती गेली नव्हती, नुसती खुर्चीसमोरच्या बाकावर येऊन बसली होती.

त्याच संध्याकाळी शिंपीणबाई साहेबांच्या दारात गेल्या. असं जायचं नसतं. साहेब मागच्या खोलीत वाचत होते. दार साहेबांच्या पत्नीने उघडलं आणि आधीच सांगितलं, "कोर्टातलं काही असेल तर इथं नको."

"नाही बाई. एकच विचारायचं होतं. साहेबांची तब्येत बरी असते ना?"

"का हो?"

"मला त्यांनी दुकान दिलं. आज काढून घेतलं. दोन्ही वेळा नाव विचारलं. फार मायेनं विचारतात."

साहेबांच्या पत्नीने दार लावून घेतलं. आपटलं नाही.

तिला नवं काही कळलं नव्हतं. घरातही हेच चाललं होतं. साहेब चहा प्यायचे, कप ठेवायचे आणि थोड्या वेळाने विचारायचे, आज चहा नाही का? ती निमूट दुसरा करायची. तेवढ्याने कुणाचं काय जातं, असं तिचं मत होतं. आज तिला एक माणूस दिसलं होतं ज्याचं जात होतं.

आतून आवाज आला, "अगं, चहाचं काय झालं?"

ती जाऊन त्यांच्यासमोर बसली. "तुमचा झाला, अहो. मघाशीच."

साहेबांनी चष्मा काढला. "झाला?"

"रोजच होतो. मी पुन्हा करते."

"कधीपासून?"

"बरेच दिवस."

मग साहेबांनी विचारलं, "आणखी काय काय मी दोनदा केलंय?"

"आत्ता एक शिंपीणबाई येऊन गेल्या," ती म्हणाली. मग दुकानाचं सगळं सांगितलं. साहेब तिचा हात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही वकिलांना उभं केलं. "हा दावा मी आधी निकाली काढला होता का?"

"तसं म्हणायला गेलं तर, साहेब..." थोरले वकील म्हणाले.

"हो की नाही?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीत?"

"आपल्याला वाईट वाटलं असतं."

साहेबांनी बाईंच्या वकिलाकडे पाहिलं. तो म्हणाला, "मला माझं वाईट वाटलं असतं, साहेब."

"रात्री मी फाईल मागवून दोन्ही निकाल वाचले," साहेब म्हणाले. "दुसरा जास्त चांगला लिहिलाय. पण संपलेला दावा पुन्हा ऐकायचा मला अधिकार नव्हता. म्हणून तो रद्द. पहिला कायम. मालकांना वरच्या कोर्टात जायचं असेल तर रस्ता मोकळा आहे. बाई, दुकान उघडा."

मग त्यांनी पेनाला टोपण लावलं. "आणि मी आजपासून येणार नाही."

"पण साहेब, आपली नेमणूक तहहयात आहे," कारकून म्हणाला. उभ्या नोकरीत तो पहिल्यांदाच उलट बोलला होता.

"मी हयात आहे हो. पण हजर नसतो."

पुढे शहरात वाद झाला. कुणी म्हणालं, न्यायाधीशांना बारा वर्षांची मुदत घाला. कुणी म्हणालं, मुदत घातली की ते पुढच्या नोकरीकडे डोळे लावून निकाल देतील. दोघांचंही खरं होतं. समिती नेमली गेली. समितीला मुदत घातलेली नाही.

शिंपीणबाईंचं दुकान चालू आहे. त्यांचा वकील तिथूनच कोट शिवून घेतो आणि घासाघीस करत नाही.

लोक साहेबांची आठवण काढतात, काढावीही. तुम्ही मात्र त्यांच्या पत्नीला लक्षात ठेवा. आपल्या जिवाभावाच्या माणसाला चार शब्द सांगायचे राहून गेले असतील, तर आज घरी गेल्यावर तिचं स्मरण करा आणि त्या माणसासमोर जाऊन बसा.